वाकोल्याच्या सिग्नलवरची आज्ञाधारक गाडी

संध्याकाळी साडेसहाला वाकोल्याच्या सिग्नलवर ही गर्दी! फुटपाथवर माणिकबाबा बसलेले. ॲम्ब्रोजची कोरी गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली की इंजिन आपोआप बंद. बाबा अर्धे डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, मग हात वर करून "चल, बेटा!" म्हणत की गाडी सुरू! लोक नारळ फोडत, व्हिडिओ काढत.

"हिच्यात आत्मा आहे," तिसऱ्या दिवशी बाबांनी जाहीर केलं. "उद्यापासून एकवीस दिवस माझ्या ताब्यात दे. शुद्ध करून देतो."

ॲम्ब्रोजचं धाबं दणाणलं. नव्या गाडीला फादरचा आशीर्वाद घ्यायचा तो विसरला होता. म्हणून त्याने आरशावरच्या रोझरीच्या जपमाळेशेजारी लिंबू-मिरचीही टांगली होती. आता तो मुकाट्याने चावी द्यायला तयार झाला.

त्याची बायको रीटा मात्र उखडली. ती केक करून विकायची. रिक्षातल्या धक्क्यांनी तिच्या तीन केकांची वाट लागली, म्हणून तर ही गाडी घेतली. आणि परवा सपना नावाच्या गिऱ्हाइकाच्या साखरपुड्याचा तीन मजली केक थेट मुलुंडला न्यायचा होता.

"अगं, दुपारी नाही बंद पडत, संध्याकाळीच पडते," ॲम्ब्रोज कुजबुजला. "बाबा म्हणतात, दुपारी आत्मा झोपतो."

"आत्म्याला वामकुक्षी लागते होय रे?"

केक बिघडला की रीटा आधी कृती वाचायची. तसंच तिने गाडीसोबत आलेलं माहितीचं पुस्तक काढलं. त्याचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलं नव्हतं. चार पानं वाचली आणि ती खो-खो हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टिअरिंगवर रीटा होती. निघतानाच तिने एक बटण दाबलं. सिग्नलवर गाडी थांबली, इंजिन मात्र चालूच.

"बाबा, बंद करा ना!"

बाबांनी हात हलवले, राख उधळली. इंजिन आपलं घुरघुरतंय. बाबा घामाघूम!

रीटाने बटण पुन्हा दाबलं, चौकाला वळसा घालून आली आणि ब्रेक दाबून धरला. "थांब!" इंजिन बंद. "चल!" म्हणत पाय उचलला, इंजिन सुरू.

"माताजी!" गर्दीतला एक जण चक्क तिच्या पाया पडायला धावला.

"ए, उठ आधी!" रीटा ओरडली. "गाडी उभी असताना पेट्रोल जळू नये म्हणून कंपनीनेच केलेली सोय आहे ही. ब्रेक दाबला की इंजिन बंद, सोडला की सुरू. ही सोय नको असेल तर हे बटण दाबायचं. दुपारी एसी जोरात असतो, त्याला इंजिन लागतं, म्हणून ते बंद होत नाही. आणि बाबा हात कधी वर करतात? सिग्नलचे आकडे संपले की! तेव्हा ॲम्ब्रोज ब्रेक सोडणारच ना! त्याच्या रोजच्या वाटेवर हा एकच सिग्नल, म्हणून इथेच बंद पडायची!"

सगळ्यांनी सिग्नलकडे पाहिलं. मग फुटपाथकडे. बाबा पसार झाले होते.

"अरे, तीन दिवस माझाच पाय होता!" ॲम्ब्रोज ओशाळून म्हणाला. रीटाने ते पुस्तक त्याच्या मांडीवर टाकलं.

"पाया पडण्याआधी वाचत जा. नाही कळलं तर विचार. विचारायला लाजू नकोस."

परवाचा केक तिन्ही मजल्यांसकट मुलुंडला पोचला. वाटेत इंजिन अकरा वेळा बंद पडलं. रीटाशेजारी बसलेल्या ॲम्ब्रोजने एकदाही हात जोडले नाहीत, दोन्ही हातांनी केकचा खोका धरून बसला होता.