झिजलेलं बटण

“पोरगी गुणाची आहे गं, पण बोटांत काही नाही तिच्या. गाई पिळेल, चहा करेल आणि गप्प बसेल. माझी गाणी आपली माझ्याबरोबरच जायची.”

डिलियाचं हे बोलणं शेजारच्या बेसी हेहिरसाठी होतं. माझ्यासाठी नव्हतं, आणि दाराआड दुधाची बादली घेऊन उभ्या असलेल्या डिलियाच्या नव्या सुनेसाठी, युनासाठी, तर नव्हतंच. पण आम्ही दोघींनी ते ऐकलं. मला बोलता येणं शक्य नव्हतं, माझ्या तोंडावर फळी लावलेली होती. युनाला बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही. तिने बादली जरा आपटूनच खाली ठेवली, म्हणजे आतल्या दोघींना ती आत्ताच आली असं वाटावं.

मी मेरिनन यांच्या घरातली कॉन्सर्टिना बोलतेय. कॉन्सर्टिना म्हणजे सहा कोनांची हातपेटी. दोन तळव्यांत मावते, मधे भाता, दोन्ही टोकांना हाडाची बारीक बटणं. जन्म लंडनचा, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते किलरशच्या बंदरावरचं दुकान, जिथे मी दोरखंड आणि कंदिलांच्या मधे टांगलेली होते. पेग मेरिननने दोन वर्षं अंडी विकून मला घरी आणलं. आमच्या क्लेअर परगण्यात पुरुष बासरी वाजवतात, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवतात. मी बायकांची. चुलीशेजारी भिंतीत माझ्यासाठी कोनाडा केलेला आहे. तिथे ऊब असते, भात्याला ओल धरत नाही.

पेगची स्वतःची सात गाणी होती. कागदावर एकही नाही. सहा नाचायची होती. सातवं नाचायचं नव्हतं. तिची मुलगी ॲग्नेस शिकागोला निघाली त्या सकाळी घोडागाडी वळणाआड जाईपर्यंत पेग दारात उभी राहून वाजवत राहिली, आणि जे वाजलं ते त्याआधी कुठेच नव्हतं. त्याचं नाव ‘ॲग्नेसची वाट’ असं पडलं. माझ्या उजव्या अंगाला, सगळ्यात वरच्या ओळीत, टोकाशी एक बटण आहे. दुसऱ्या कुठल्याच गाण्यात त्याला काम नाही. ते फक्त त्या गाण्यासाठी, तेही एकदाच.

पुढच्या वर्षी डिलिया सून म्हणून आली. पेगने तिला पहिल्याच हिवाळ्यात समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. चूक झाली की लाकडी चमचा बोटांवर. सातही गाणी चढायला वसंत उजाडला. मेरिननांच्या घरात अशीच रीत होती. गाणी लेकींना द्यायची नाहीत, लेकी बोटीने जातात. सुनेला द्यायची.

डिलियाने मला तीस वर्षं वाजवलं. ते टोकाचं बटण तिच्या बोटाने इतकं झिजलं की मधे खळगा पडला, मसुराचा दाणा बसेल एवढा.

मग सप्टेंबरात सिननचा भाऊ ॲम्ब्रोझ गेला. सिनन म्हणजे पेगचा मुलगा, डिलियाचा नवरा. ॲम्ब्रोझचं लग्न झालेलं नव्हतं, जन्मभर याच घरात राहिला, बासरी वाजवून आणि दुसऱ्यांच्या म्हशी-गाईंवर टीका करून. (म्हशी इथे नसतातच. एकदा सर्कशीत पाहिली, तेवढ्यावर त्याचं मत तयार होतं.) घरातलं माणूस गेलं की वर्षभर घरात वाद्य वाजत नाही. सिननने मला कोनाड्यात ठेवलं, वर फळी ठोकली. खिळे दोनच, तेही अर्धेच आत गेलेले.

युना लगेचच्या फेब्रुवारीत आली. चर्चचे उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आत लग्न उरकायचं असतं, म्हणून दुखवट्यातच उरकलं. उकडलेलं मांस, कोबी, दोन बाटल्या, आणि वाद्याचा एक सूरही नाही. फ्लॅनने, तिच्या नवऱ्याने, नाचायला म्हणून घेतलेले नवे बूट तसेच खोक्यात परत ठेवले.

आता खरी गोष्ट सांगते. युनाला वाजवता येत होतं. सात वर्षांची असल्यापासून, तिच्या आजीच्या पेटीवर. पण दुखवट्याच्या घरात नव्या सुनेने आपणहून ‘मला येतं’ म्हणायचं म्हणजे प्रेत घरात असताना जेवणात काय आहे विचारण्यासारखं. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. मग ते बेसीशी झालेलं बोलणं कानावर आलं, आणि त्यानंतर सांगणं म्हणजे दाराआडून ऐकल्याची कबुली देणं. ती वाट पाहत राहिली. वर्षच तर होतं.

खिळे सैल होते हे तिने आठवड्याभरात ओळखलं. दुपारी घर रिकामं झालं की ती फळी बाजूला करायची, मला मांडीवर घ्यायची आणि भाता मिटलेलाच ठेवून नुसती बटणं दाबायची. हवा हलली नाही तर मी आवाज करत नाही. तिची आजी जे वाजवायची ते सगळं ती माझ्यावर मुक्याने वाजवून घ्यायची, नियम न मोडता. एकदा तिचं बोट त्या झिजलेल्या बटणावर आलं आणि थांबलं. खळग्यात तिने बोटाचं टोक नीट बसवून पाहिलं. “हे कशासाठी हो?” असं ती मलाच हळूच म्हणाली.

लोकांना वाटतं वाद्यात गाणी साठलेली असतात. माझ्यात फक्त हवा असते. एकाच बटणात दोन सूर, भाता दाबला तर एक, ओढला तर दुसरा, आणि कुठला कधी हे बोटांना माहीत असतं, मला नाही. मला झीज तेवढी ठाऊक.

वर्ष संपायला नऊ दिवस राहिले होते. डिलियाने साबण लावून हात धुवायला सुरुवात केली होती, दिवसातून तीनदा, जणू धुतल्याने बोटांना गाणी आठवणार होती. आणि शिकागोहून पत्र आलं. ॲग्नेस गेली.

सिननने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि चष्मा काढला. “आजपासून वर्ष,” तो म्हणाला.

बेसी चहाला आली होती. “अरे सिनन, तिला इथून जाऊन बत्तीस वर्षं झाली. तिकडे तिच्यासाठी कोण रेडिओ बंद करतंय?”

“तिकडचं मला माहीत नाही. माझी बहीण आहे.”

“समुद्रापलीकडचं मरण धरायला लागलास तर या गावात कुणी कधी वाजवायलाच नको.”

“मग नको.”

“डिलिया, तू तरी बोल. तुझी गाणी आहेत.”

डिलियाने एकदा कोनाड्याकडे पाहिलं. “ॲग्नेससाठी नाही थांबायचं तर कुणासाठी थांबायचं?” ती म्हणाली. “ते गाणंच तिचं आहे. वर्षाने काय होतंय. मी कुठे पळून चाललेय.”

युना पाव कापत होती. तिने आणखी चार तुकडे कापले. खाणारं कुणी नव्हतं.

मे महिन्यात बटाट्याच्या वाफ्यात डिलिया पडली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला. ‘नाही.’ चहा हवा का, नाही. ऊन लागतंय का, नाही. हो म्हणायचं असलं तरी नाही, मग रागाने डोळे मिटून घ्यायची.

त्या रात्री खाटेवर युना काय बोलली मला कळलं नाही. सकाळी फ्लॅन बापासमोर टोपी फिरवत उभा राहिला.

“बाबा, युना म्हणते पेटी काढू या. आईचा डावा हात चालतोय अजून. जे आहे ते निघेल.”

“युनाला काय करायचंय?”

“तिला येतं थोडं, म्हणते.”

“सगळ्याच पोरींना थोडं येतं. चार महिने राहिलेत. ॲग्नेसचं वर्ष अर्धवट टाकलं तर तुझी आईच मला माफ करायची नाही.” त्याने खाटेकडे पाहिलं. “काय गं? करशील का?”

“नाही,” डिलिया म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

ते चार महिने मी मोजले. चांगलं लोणी उन्हात ठेवावं तसे ते गेले.

सप्टेंबरात वर्ष सरलं, आणि पुरुष माणसं जळणाच्या मातीच्या विटा आणायला दलदलीवर गेली होती तेव्हा युनाने फळी काढली. मला दोन्ही हातांत धरून तिने आजीचं एक गाणं वाजवलं, आवाज काढून, पहिल्यांदाच. भाता कुरकुरला, पण मी वाजले. डिलिया तिच्याकडे किती तरी वेळ पाहत राहिली. मग डावा हात उचलून तिने सुनेच्या मनगटावर चापट मारली. जोरात. एवढे दिवस तोंड शिवलं होतं का, असं त्या चापटेत होतं.

मग त्या बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. माझं डावं टोक डिलियाच्या हातात, उजवं युनाच्या मांडीवर.

माझं दुर्दैव असं आहे की माझ्यावर गाणं एका हातात राहत नाही. दोन सूर डावीकडे, एक उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, असं ते दोन्ही हातांत विणलेलं असतं. डिलियाच्या डाव्या हातातून निघालं ते दात पडलेल्या माणसाच्या बोलण्यासारखं. सहा गाण्यांचं तर काहीच उरलं नव्हतं, बोटं सुरू व्हायची आणि कुठल्या तरी वेगळ्याच गाण्यात शिरायची. ‘ॲग्नेसची वाट’ मात्र डाव्या हाताला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होती. मधली भगदाडं युनाने बुजवायची.

तिने कधी ते ऐकलं नव्हतं. या घरात पाऊल ठेवल्यापासून तिने सासूला एकदाही वाजवताना ऐकलं नव्हतं. ती अंदाजाने एक सूर घालायची.

“नाही.”

दुसरा घालायची.

“नाही.”

ते झिजलेलं बटण तिने प्रत्येक भगदाडात बसवून पाहिलं. नाही. नाही. नाही. ‘नाही’ म्हणजे खरंच नाही, की ‘हो’, हेही कळायचं नाही. डोळे मिटले की हो, असं त्यांनी ठरवलं, पण दमल्यावरही तिचे डोळे मिटायचे.

डिसेंबरातल्या एका दुपारी युनाने गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेलं, तिच्या आजीच्या वळणाने भगदाडं भरत. त्या झिजलेल्या बटणाला हात न लावता. डिलियाने नाही म्हटलं नाही. युना थांबली, वाट पाहिली, पुन्हा वाजवलं. डिलिया खिडकीबाहेर कोंबड्यांकडे पाहत होती. जानेवारीत ती गेली.

सिननने स्वतः फळी ठोकली. या वेळी खिळे चार.

हे सगळं मी का सांगतेय? माझा भाता आता दोन ठिकाणी फाटलाय. फ्लॅन कॉव्हेंट्रीला कामावर गेलाय, युनाचं सामान दाराशी बांधलेलं आहे आणि त्यात माझ्यासाठी जागा नाही. तिने मला उचललं होतं, मग परत ठेवलं. राग नाही माझा. सिनन एकटा उरणार, त्याला निदान बघायला काही हवं. माझं मागणं थोडकं आहे. घरात नवं माणूस आलं तर त्याला काय येतं ते पहिल्या दिवशी विचारा. दुखवटा पाळा, पण विचारा. मला उशीर झालाय. दुसऱ्या कुणाला होऊ नये.

आता त्या रविवारचं सांगते आणि भाता मिटते.

डिलियाचं वर्ष सरल्यावर, प्रार्थनेहून परत येताना, सिननने आठ-दहा माणसं घरी आणली. खिळे त्यानेच काढले, मला पुसलं आणि सुनेच्या हातात दिलं. “आईने तुला दिलंय ते वाजव,” तो म्हणाला. “ॲग्नेसचं.”

युनाने वाजवलं. बेसी पदराला हात पुसावेत तशी एप्रनला हात पुसत राहिली. सिननने टोपी काढून छातीशी धरली. शेवटच्या सुरानंतर चुलीतल्या जळत्या विटा ढासळल्या.

“डिलियाच बसलीय असं वाटलं,” बेसी म्हणाली.

“हुबेहूब,” सिनन म्हणाला. “एक सूर इकडचा तिकडे नाही. तीस वर्षं ऐकलंय मी. घरातलं घरात राहिलं.”

सगळे तिच्याकडे पाहत होते, चांगल्या नजरेने, तीन वर्षांत पहिल्यांदा. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गप्प बसण्याबद्दलच तर तिची ख्याती होती.

युनाने मला मांडीवर आडवं केलं आणि त्या टोकाच्या बटणावर बोट ठेवलं.

“बाबा, हे बघा, आईंच्या बोटाने एवढा खळगा पडलाय. मी जे वाजवलं त्यात याला कुठेच काम नाही. डावा हात त्यांचा होता, उजवीकडचं सगळं मी माझ्या मनाने घातलंय. त्यांचं गाणं मी कधी ऐकलंच नाही, आणि तुम्हालाही आता ते आठवत नाही.”