लकडगंजचा चंद्र

नऊ वाजत आले होते. लकडगंजमधल्या आपल्या घराच्या गच्चीवर मनकर्णाबाई मोबाईल आभाळाकडे धरून उभ्या होत्या. पौषातली संकष्टी, आणि धुक्यात चंद्राचा पत्ता नाही. त्यांचे यजमान रुपराव मुलाकडे, टोरंटोला. तिथं सकाळ होती, बाहेर गुडघाभर बर्फ. तरी त्यांचा हट्ट एकच: उपास नागपूरचा, चंद्रही नागपूरचाच. मनकर्णाबाईंनी फोनवर दाखवला की सोडायचा.

"निंगाला का वं?" रुपरावांची जीभ जड झाली होती. कपाळ घामानं डबडबलं होतं.

"एवढ्या बर्फात घाम काहून येऊन राहिला तुमाले? काल रात्री जेवले होते ना?"

"कसा जेवीन? तिकडं नागपुरात चतुर्थीची सकाळ झाली होती."

"आन् साखरेची गोळी?"

"घेतली ना. रात्रीचीबी, आताचीबी."

उपाशीपोटी मधुमेहाची गोळी, तीही दोनदा! मुलगा-सून कामावर. बर्फामुळे शाळेला सुटी म्हणून आठ वर्षांची नात गुंजन तेवढी घरात. पाहता पाहता रुपरावांची मान कलंडली.

"आजी, आजोबा असं का करतात?"

घाबरलेल्या मुलाला एका वेळी एकच काम सांगायचं, हे तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळून त्यांना ठाऊक होतं.

"गुंजन, शाळेत मदतीचा नंबर शिकवला ना? घरच्या फोनवरून लाव. आजोबाची साखर उतरली म्हणून सांग."

गुंजननं सांगितलं. पत्ताही बरोबर सांगितला.

"मला भीती वाटते, आजी."

"मलेबी वाटते, बाई. आता दुसरं काम. फ्रिजातला ज्यूस आण."

रुपरावांनी पेला हातानं लोटला. "चंद्र... आधी चंद्र."

देवाच्या कामात मनकर्णाबाई कधी खोटं बोलल्या नव्हत्या. घरामागच्या, लाकडं कापायच्या आरामशीनवर धुक्यात एक दिवा जळत होता, गोल, पिवळट. त्यांनी फोन तिकडे वळवला.

"हा पाहा, निंगाला! प्या आता!"

रुपरावांनी हात जोडले. अर्धा ज्यूस स्वेटरवर सांडला, अर्धा पोटात गेला. गुंजननं पुन्हा पेला भरला. मग फोन कुठंतरी आडवा पडला आणि नुसतं छत दिसत राहिलं. मनकर्णाबाई हाका मारत राहिल्या. घंटी वाजली, जड बूट वाजले, इंग्रजी बोलणं ऐकू आलं. रुपरावांचा आवाज मात्र नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पडद्यावर त्यांचा चेहरा आला, पांढराफटक.

"मनकर्णा, तो आरामशीनवरचा दिवा होता ना वं?"

"हो," म्हणत मनकर्णाबाई गच्चीवरच बसल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या.