दोनशे फुटांवरचं वळण

ऑरिन हॅस्केलच्या वैमानिक परवान्यावर छत्तीस वर्षं एकच प्रकार लिहिलेला होता: विमान. त्याखाली 'ग्लायडर' ही ओळ वाढवून घ्यायची, एवढंच त्याला हवं होतं. नेवाडातल्या त्या मैदानावरून त्याची बायको लोर्ना वीस वर्षं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवत होती आणि आपल्या विमानाला दोर बांधून तिला वर ओढून न्यायचं काम त्याचं. फेब्रुवारीत ती गेली. ग्लायडर मुलीच्या नावावर झालं. कोरिनने स्पष्ट सांगितलं होतं, बाबा, पास झालात तर ते तुमचं, नाहीतर रविवारी गिऱ्हाईक येतंय.

लेखी परीक्षा त्याला माफ होती. शिक्षकाबरोबरची उड्डाणं, एकट्याची दहा, वहीत सही, सगळं झालं होतं. उरली होती प्रत्यक्ष परीक्षा, आणि तीत तो एकदा नापास झाला होता.

ऑरिनसारख्या शेतांवर फवारणी करणाऱ्या वैमानिकाच्या अंगात एक नियम मुरलेला असतो. वर निघताच इंजिन बंद पडलं तर सरळ समोर उतरायचं. मागे वळतो तो मरतो. ग्लायडरचं तसं नाही. दोनशे फुटांच्या आत दोर सुटला तर सरळ, त्याच्यावर सुटला तर मागे वळून धावपट्टीवर. म्हणून वर जाताना इथे प्रत्येक जण 'दोनशे' असं मोठ्याने म्हणतो. मागच्या खेपेला ऑरिनही म्हणाला, परीक्षक बाईने मुद्दाम दोर सोडला, आणि हा गेला सरळ झुडपांत.

तीच परीक्षक, थेल्मा क्विस्ट, आज पुन्हा मागच्या सीटवर बसली होती. तीस वर्षांची ओळख.

"झुडपं छाटून घेतलीत मी," पट्टा आवळत ती म्हणाली. "आता गेलास तर टोचणार तरी नाहीत."

तो हसला नाही. दोर ताणला गेला, चाक जमिनीवरून सुटलं. शंभर फूट. दीडशे.

"दोनशे," तो म्हणाला.

काहीच झालं नाही. मग खट्ट आवाज आला आणि पुढचं विमान दोर घेऊन निघून गेलं.

मनगट हलेना. समोर सपाट माळ होता, उतरायला सोपा. ऑरिनने ग्लायडरचं नाक खाली घातलं, वेग घेतला आणि डावा पंख खाली झुकवला. जमीन खिडकीत उभी राहिली. कुंपणाचे खांब मोजता आले असते. वळण संपता संपेना. नाक वर ओढायची ऊर्मी त्याने दात खाऊन दाबली. धावपट्टी समोर आली. पाठीवर वारा घेऊन ग्लायडर दडदडत धावलं, निघालं होतं त्याच टोकाला थांबलं आणि एका पंखावर कललं.

थेल्माने परवान्याचा कागद मांडीवर घेऊन सही केली.

"लोर्नापण पहिल्या वळणाला अशाच शिव्या देत होती," ती म्हणाली.

"मी शिव्या दिल्या?"

"वळण संपेपर्यंत."

ती उतरली. ऑरिनने पट्टा सोडला नाही.

"दोर बांधायला सांग," तो म्हणाला. "आता मी एकटा जातो."