उलटं पुस्तक

बालवाडीच्या बाईंनी ठमीच्या हातातलं पुस्तक सरळ केलं. ठमीने ते पुन्हा उलटं धरलं आणि टोपी हरवलेल्या बेडकाची गोष्ट घडाघडा म्हणून टाकली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "अक्षर एकही ओळखत नाही. सगळं पाठ, आणि वर पुस्तक उलटं. असंच राहिलं तर पहिलीत नाही पाठवता येणार, ताई. आणखी एक वर्ष इथेच."

ठमीची आई पोरीला घेऊन निघाली. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहायचं, म्हणून पोरीचं वाचन तिने आपल्या वडिलांवर सोपवलं होतं. वडील जन्मभर छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत आले. जुळाऱ्याला अक्षरं उलटी वाचता यावी लागतात आणि म्हाताऱ्याला त्या कसबाचा भारी तोरा. हल्ली तर वर्तमानपत्रही उलटं धरून बसायचा. विचारलं की म्हणायचा, "हाताची सवय, दुसरं काय!" आणि सगळं घर हसायचं. आज तिला त्या हसण्याचीच चीड आली. वाटेत तिने एक नवं पुस्तक घेतलं आणि तरातरा घर गाठलं.

"बाबा, तुमचा खेळ होतो आणि पोरीचं वर्ष जातं!" तिने चपलाही काढल्या नव्हत्या. "कसली ही उलटी विद्या शिकवताय तिला?"

"अगं, पण गोष्ट येते ना तिला?"

"पोपटालाही येते!" तिने नवं पुस्तक त्यांच्या हातात कोंबलं. "घ्या. एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचा. सरळ धरून. माझ्यासमोर."

आईचा आवाज चढला की ठमीची जागा ठरलेली. ती आजोबांच्या मांडीवर चढून बसली. म्हाताऱ्याने पुस्तकावरून तळहात फिरवला, पान उलटलं, बोट टेकवलं आणि घसा खाकरला.

"एका तळ्यात एक बेडूक राहायचा. त्याची टोपी..."

ठमीने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. पोरांची कुजबुज ती, सगळ्या खोलीला ऐकू गेली.

"आजोबा, हे नवं आहे. यात हत्ती आहे."

"हां," म्हातारा म्हणाला. "एका जंगलात एक हत्ती राहायचा."

आईने ते पुस्तक हिसकावून घेतलं. पान चित्राचं होतं. म्हाताऱ्याने बोट टेकवलं होतं तिथे एकही अक्षर नव्हतं.

"कधीपासून, बाबा?"

"थोडं धूसर दिसतं, एवढंच." त्यांचं बोट अजून हवेत तसंच होतं. "सांगितलं असतं तर पोर माझ्याकडे ठेवली असतीस?"

तिला कीव यायला हवी होती, आणि ती आलीही. पण त्या कीवेमागून लगेच दुसराच विचार आला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज दुपारी हाच माणूस ठमीला शाळेतून घरी आणत होता. मधे मोठा रस्ता होता आणि त्यावरून ट्रक धडधडत जायचे.

"रस्ता कोण बघतं?" तिने विचारलं.

"मी!" ठमी फुशारकीने म्हणाली. "गाडी नसली की मी आजोबांचा हात ओढते. मग आम्ही जातो."

"आणि असली की थांबतो," म्हातारा घाईघाईने म्हणाला. "न चुकता थांबतो."

"त्या दिवशी नव्हतो थांबलो," ठमी म्हणाली. "ड्रायव्हरकाका किती ओरडले!"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. आईने ठमीचं मनगट पकडलं आणि तिला मांडीवरून खाली ओढलं, जरा जास्तच जोरात. ठमी रडायला लागली. रडता रडता तिने दुसऱ्या हाताने आजोबांचा सदरा मुठीत धरला, आणि आईने कितीही ओढलं तरी ती तो सोडेना.