खोडलेलं रीडिंग

वारज्यातल्या त्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. शुभंकर सरांनी रेशमी वस्त्रात गुंडाळलेला, झाकणबंद तांब्याचा कलश डिजिटल तराजूवर ठेवला आणि डोळे मिटून ओंकार लावला. आकडा वर सरकू लागला. दहा मिनिटांत वजन सव्वा ग्रॅमने वाढलं.

"नादाला वजन असतं!" सर खर्जात म्हणाले. "ऋषींना ठाऊक होतं. पाश्चात्त्यांना आत्ता कुठे क्वांटम सापडलाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे उभ्या नम्रता मॅडमचा जळफळाट झाला. चौदा वर्षं त्या मापनातल्या त्रुटी शिकवत होत्या. वर्गात सहा टाळकी, त्यातली दोन पेंगणारी. आणि कालच्या या पोराभोवती जत्रा!

प्रयोगशाळा झाडणाऱ्या द्वारकाबाई हरखल्या होत्या. "सर मला कलशातलं पाणी देनार हायत. आता शुगरच्या गोळ्या बंद."

"गोळ्या बंद करायच्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. पण ऐकतं कोण?

दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि तसाच दुसरा कलश नळाचं पाणी भरून तराजूवर ठेवला. द्वारकाबाईंसाठी करतेय, असं स्वतःला बजावलं. खरं तर शुभंकरचं तोंड उतरलेलं पाहायचं होतं. त्यांनी स्वतःच ओंकार म्हटला. वजन जागचं हललं नाही. पुन्हा म्हटला, तेच. तिसऱ्या वेळी मात्र आकडा वाढला! मॅडमनी वहीतलं ते रीडिंग चटकन खोडलं.

"ह्यो का खोडला?" झाडू घेऊन द्वारकाबाई मागे उभ्या होत्या.

"चुकलं असेल काहीतरी."

"पोरांनी खोडलं की वही भिरकावता की तुमी."

मॅडमचे कान तापले. नको असलेला आकडा त्यांनी मत्सरापोटी पुसला होता. तिसऱ्या वेळी वेगळं काय होतं? मधे पाणी सांडलं, म्हणून कूलरचं गार पाणी भरलं होतं. त्यांनी कलशाला हात लावला. बोटं ओली झाली.

शुभंकरचा कलश तर फ्रिजमधूनच यायचा. "तीर्थ शीतल हवं," म्हणे.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत त्यांनी दोन कलश मांडले. "सर, या साध्या पाण्याच्या कलशासमोर म्हणा." सरांनी घसा बसेपर्यंत म्हटलं, आकडा ढिम्म. फ्रिजमधल्या कलशासमोर सगळे चिडीचूप बसले, तरी वजन चढलं. मॅडमनी कलश आणि वस्त्र कोरडं करून पुन्हा तोललं. आकडा मूळ पदावर आला.

"ऑगस्टची दमट हवा. तिच्यातली वाफ थंड तांब्यावर पाणी होऊन बसते. रेशमात लपते, एवढंच."

"तुम्हाला माझा हेवा वाटतो, मॅडम," शुभंकर फणकारला.

"वाटतो," नम्रता मॅडम म्हणाल्या. "इतका वाटतो, की काल मी एक रीडिंग खोडलं. द्वारकाबाईंनी पकडलं, म्हणून हे कळलं. तेव्हा मुलांनो, सरांवर विश्वास ठेवू नका आणि माझ्यावरही नको. हे दोन कलश, हा तराजू. स्वतः मोजा, आणि जो आकडा येईल तो लिहा."