आवाजाला दाखवलेलं ऊन
बापूकाकांच्या पिनबॉल मशीनचा आवाज गेला तेव्हा कौशल्याकाकूंनी मला फोन केला आणि वर बजावलं, "आम्रपाली, आत्ताच्या आत्ता ये. तुझं ते 'बघते, कळवते' नकोय मला."

मी मॉलमधल्या गेमची मशीनं दुरुस्त करते, घरगुती कामं घेत नाही. पण या कामाला नाही म्हणणं शक्य नव्हतं. कॅन्सरमुळे काकांचं स्वरयंत्र काढून बारा वर्षं झाली. त्याआधी त्यांचं गेमचं दुकान होतं, आणि तिथल्या या एका मशीनमध्ये त्यांनी हौसेनं स्वतःच्या आवाजातली पाच वाक्यं भरून ठेवली होती. त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. कॅसेट नाही, मोबाईलवर काही नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओत नुसता बँड वाजतो.

धायरीला त्यांच्या घरी पोचले तर पुढच्या खोलीत मशीन लखलखत होतं. दिवे लागत होते, पोलादी गोळी पळत होती, स्पीकरमधून मात्र नुसती खरखर. काका शेजारी स्टुलावर बसले होते. ते टाळीनं बोलतात. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

आवाजाच्या बिघाडात मी शेवटाकडून मागे जाते. आधी स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, मग आवाज साठवलेली चिप. व्हॉल्यूमच्या बटणामागच्या तारेला स्क्रूड्रायव्हरचं टोक धरून त्याच्या पात्याला बोट टेकवलं. स्पीकर घुंऽऽ करून घुमला. म्हणजे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर ठणठणीत होते. एरवी मला आनंद झाला असता. आज झाला नाही, कारण उरली होती फक्त चिप.

आवाजाचा बोर्ड बाहेर काढला. तो जेवायच्या ताटासारखा स्वच्छ होता, आणि इतका स्वच्छ बोर्ड मी आजवर पाहिला नव्हता. अशा जुन्या चिपच्या पाठीवर एक इवलीशी काचेची खिडकी असते आणि तिच्यावर पट्टी चिकटवलेली असते. पट्टी नव्हती.

"काकू, यावरची पट्टी कुठाय?"

"ती कळकट? खरवडून काढली. पावसाळ्यात आवाज फाटायला लागला होता. म्हटलं, दमट झालं असणार. मग हे बाहेर काढून पुसलं आणि पाऊस संपल्यावर गच्चीवर सुपात ठेवून छान ऊन दाखवलं, डाळीतांदळाबरोबर. आठवडाभर."

"अहो काकू, डाळ आहे का ती! आत साठवलेलं पुसायचं असलं की याच काचेतून प्रकाश सोडतात. ऊन लागू नये म्हणून तर पट्टी असते!"

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी... यांचा आवाज..."

काकांनी दोनदा टाळी वाजवली. काकूंकडे बघून नव्हे, माझ्याकडे बघून. माझ्या जिभेचा मला राग आला, आणि त्याहून जास्त राग त्या उन्हाचा.

चिप उपटायला घेतली. दमटपणानं तिचा एक पाय गंजला होता. तो तुटला असता तर सगळंच संपलं असतं. पातं सारून एकेक बाजू केसभर उचलली, आणि चिप सुटली तेव्हा काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या.

लॅपटॉपला रीडर जोडून चिप वाचली. नुसता कचरा. पुन्हा वाचली, तर वेगळा कचरा. इथे माझ्या जिवात जरा जीव आला. पूर्ण पुसलेली चिप दर वेळी एकच कोरं उत्तर देते. ही चाचपडत होती, म्हणजे आत काहीतरी शिल्लक होतं. पुसट झालेली चिप कमी व्होल्टेजवर कधीकधी नीट वाचता येते. कधीकधीच.

व्होल्टेज थोडं उतरवलं. कचरा. आणखी उतरवलं. कमी कचरा. फार उतरवलं असतं तर चिप मुकीच झाली असती. काका स्टूल ओढून माझ्या खांद्याशी येऊन बसले होते. त्यांच्या गळ्यातल्या भोकातून श्वासाचा आवाज येत होता, आणि खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

आणखी एक पायरी. वाचलं. परत वाचलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. मी तिसऱ्यांदा वाचलं, कारण माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

नव्या चिपवर नक्कल उतरवली, खिडकीवर काळी पट्टी घट्ट चिकटवली, बोर्ड जागेवर घातला. "काकू, चालू करा," मी म्हटलं.

"मी नाही हात लावणार. तूच कर."

काकांनी काकूंचा हात धरून बटणावर नेला. दिवे लागले. गोळी सुटली. आवाज नाही. काकूंना राहवलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी मशीन गदागदा हलवलं.

"अहो, मशीन आहे, पाळणा नव्हे!"

खणखणीत, तिरकस, दुकानात पोरांवर खेकसणारा बापूकाकांचा आवाज. मशीनला धक्का दिला की ओरडायचं, यासाठीच ते वाक्य भरलेलं होतं. जुन्या सवयीनं काकूंनी झटकन हात मागे घेतले. काकांचे खांदे हसण्यानं हलत होते, तोंडातून आवाज मात्र नव्हता.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, माझ्याकडे पाठ केली, आणि पुन्हा दोन्ही हातांनी मशीन हलवलं.