डोम्नाची जीभ

झिसिसच्या ई-सिगारेटच्या दुकानात पाऊल टाकताच डोम्नाला वाटलं, आपण चुकून खेळण्यांच्या दुकानात शिरलो. काचेच्या कपाटात निळ्या, गुलाबी, चंदेरी कांड्या ओळीनं उभ्या होत्या. भिंतीवर टरबूज, पुदिना, व्हॅनिला अशी चित्रं असलेल्या इवल्याशा बाटल्या होत्या, आणि आधीच्या गिऱ्हाइकानं सोडलेली वाफ छताखाली अजून रेंगाळत होती. ग्रीसमधल्या वोलोसच्या बंदरामागच्या या गल्लीतून ती रोज मासे घेऊन जायची आणि या दुकानासमोर आली की रोज नाक मुरडायची. आज मात्र एप्रन काढून, केस विंचरून, पर्स काखेत धरून ती आत उभी होती.

"डोम्नामावशी! तुम्ही?" झिसिस खुर्चीतून उठला. आडव्या अंगाचा हा माणूस पूर्वी ट्रक चालवायचा, आणि दर शनिवारी तिच्याकडे जेवायला यायचा. "कुणासाठी हवंय?"

"माझ्या आजोबांसाठी. माझ्यासाठीच रे बाबा! आणि दात काढू नकोस."

त्यानं दात काढलेच. "बरं, काय हवंय? धूर हवाय, की हाताला चाळा हवाय?"

"जीभ हवीय," डोम्ना म्हणाली. "माझीच. परत."

झिसिसचं हसू मावळलं. त्यानं तिला स्टूल दिलं.

गोष्ट अशी होती. स्टेर्गिओस आणि डोम्ना, दोघा नवराबायकोंचं बंदरावर आठ-दहा टेबलांचं दुकान होतं. द्राक्षांच्या कडक दारूची छोटी बाटली मागवायची, तिच्याबरोबर चखणा येतो. दुसरी मागवायची, दुसरा चखणा येतो, आणि तो पहिल्याहून चांगला असावा लागतो. बाटल्या स्टेर्गिओस आणायचा, चखणा डोम्नाचा. तळलेली छोटी मासळी, कोळशावरचा ऑक्टोपस, सॉसेज आणि मिरच्यांचा रस्सा, टोमॅटोत भाजलेला टपोरा पांढरा घेवडा. अख्ख्या बंदरात तिच्या हाताचं नाव होतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

नाताळात मुलगी माखी लारिसाहून आली. घेवड्याचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आई, यात समुद्र ओतलास की काय?"

"काही झालेलं नाही घेवड्याला," स्टेर्गिओस ताटातून मान वर न करता म्हणाला.

"बाबा, तुम्हाला कळत नाही, की कळूनसुद्धा खोटं बोलताय?"

डोम्ना चिडली. खरंच मीठ जास्त पडत असेल तर त्याच दिवशी एप्रन खुंटीला टांगीन आणि पुन्हा चुलीपुढे उभी राहणार नाही, असं ती टेबलावर हात आपटून म्हणाली. लेक गेल्यावर तिनं गपचूप घेवड्याचं भांडं उघडलं, चमचाभर तोंडात घातला. काही कळेना. गरम होतं, मऊ होतं, एवढंच. खारट की अळणी, हे तिची जीभ सांगेना. किती वर्षं सांगत नव्हती, तेही तिला आठवेना. ती अंदाजानं चिमूट टाकत आली होती, आणि चिमूट कधी मूठ झाली हे बघायला कुणी नव्हतं. लेक खोटं बोलते की नवरा, हे ज्या बाईला स्वतःच्या तोंडानं ठरवता येत नाही, तिनं स्वयंपाकीण म्हणून मिरवावं कसं? हा प्रश्न तिला आतून कुरतडत राहिला.

डॉक्टर म्हणाले, जीभ ठणठणीत आहे, तिच्यावर आयुष्यभराच्या सिगारेटींचा धूर बसलाय. सगळंच सोडलंत तर उत्तम. एकदम जमत नसेल, तर निदान धूर तरी सोडा.

"एकदम जमणार नाही," तिनं झिसिसला सांगितलं. "एकदा करून पाहिलंय. नवऱ्याच्या अंगावर झारा फेकला होता."

झिसिसनं तिच्यापुढे तीन वस्तू मांडल्या. "ही वापरायची आणि फेकायची. सोपी, पण नुसता कचरा. ही मोठी पेटी पोरांसाठी. ही ओढलीत तर एवढी वाफ निघेल की तुमच्या दारात आगीचा बंब येईल. आणि ही." तिसरी हॉटेलातल्या साबणाच्या वडीएवढी होती, काळी, चपटी. "पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हीच देतो. बटण नाही, आकडे नाहीत. ओठांत धरून हळू ओढायचं, की आपोआप चालू. दम ओढायला सिगारेटइतकाच जोर लागतो."

"आणि हे?" तिनं बाटल्यांकडे हनुवटी उडवली.

"ते लिक्विड. आत भरायचं. तुमच्या हिशेबानं निकोटीन जरा कडक लागेल, नाहीतर संध्याकाळी परत पाकीट घ्याल. स्वाद कोणता देऊ? नवे लोक तंबाखूचाच मागतात आणि मग येऊन भांडतात, तंबाखूसारखा लागत नाही म्हणून."

"स्वाद नकोच."

"नकोच?"

"अरे, झोपलेल्या जिभेला उठवायचंय मला. तिच्यावर टरबूज कशाला लादू?"

असं गिऱ्हाईक झिसिसला आजवर भेटलं नव्हतं. त्यानं खालच्या कप्प्यातून एक बिनचित्राची बाटली काढली. त्या काळ्या यंत्राच्या टाकीच्या बाजूचं रबरी झाकण उघडून थेंब थेंब कसं भरायचं ते दाखवलं. हाताला लागलं तर लगेच धुवायचं, बाटली उघडी टाकायची नाही, आणि स्वयंपाकघरातलं तेल, बडीशेप, काहीही यात घालायचं नाही. "मागे एका बाईनं ओव्याचं तेल घातलं होतं. तुमच्याकडे बघून मला तीच भीती वाटते."

डोम्नाच्या मनात बडीशेपच होती.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. भरलं की लगेच ओढायचं नाही. आत कापूस आहे, तो नीट भिजू द्यायचा."

"चणे रात्रभर भिजत घालणाऱ्या बाईला तू भिजवणं शिकवतोस होय रे?"

त्याच दुपारी तिनं कापूस जाळला. तव्यावर मासळी, बाहेर टेबलांवरून हाका, आणि सिगारेटविना हात नुसते शिवशिवत होते. मागच्या दारात उभं राहून तिनं टाकी भरली आणि लगेच जोरात दम मारला. घशात जळक्या पोत्याची चव उतरली. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. झिसिसच्या सात पिढ्यांचा उद्धार करताना तिच्या लक्षात आलं, की चव लागली. घाणेरडी होती, पण लागली. ती पायरीवर बसली आणि शिव्या द्यायची विसरली.

झिसिसनं टाकी बदलून दिली आणि चण्यांचा उल्लेख केला नाही, हा त्याचा मोठेपणा. मग ती शिकली. हळू ओढायचं, कॉफी फुंकून प्यावी तसं. दोन दमांमध्ये थांबायचं. यंत्र ती एप्रनच्या खिशात ठेवायची, तिथं पीठ असायचं आणि हवेचं भोक बुजायचं. रोज दुकान बंद करताना स्टेर्गिओस ते मुकाट्यानं घ्यायचा आणि दात कोरायच्या काडीनं साफ करून तिच्यापुढे ठेवायचा. हे खूळ किती दिवस, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

मग दुपारी दुकान रिकामं झालं की ती मागच्या दाराशी माशांच्या पालथ्या खोक्यावर बसू लागली. आखातावर त्या दिवसांत धुरकट उजेड असायचा, पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. तिच्या तोंडातून निघालेली बिनवासाची वाफ त्या उजेडात मिसळून जायची. बेटांकडे जाणारी बोट भोंगा द्यायची आणि तो आवाजही पांढराच वाटायचा. डोम्ना अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसून राहायची. आपण कुणाची तरी वाट बघतोय असं तिला वाटायचं, आणि त्या येणाऱ्याचं नाव आठवायचं नाही.

स्वप्नं पडायला लागली. एका लांबच लांब स्वयंपाकघरात ती एकटी चालते आहे, चुली विझलेल्या, भांड्यांवर झाकणं. ती एक झाकण उचलते, आत आईची इस्त्री केलेली चादर. दुसरं उचलते, आत शाळेची नवी वही. तिसऱ्यात तान्ह्या माखीची टाळू. प्रत्येक भांड्याशी ती वाकते, आणि वास येईल येईल म्हणताना जाग येते. उठून बसलेल्या बायकोला स्टेर्गिओस झोपेतच विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही, झाकण उघडत होते." यावर तो "बरं" म्हणून कूस बदलायचा.

आणि मग वास जागेपणीही यायला लागले. सांगून आले नाहीत. एकदा हात धुताना साबण दरवळला आणि ती नळ चालू ठेवूनच उभी राहिली. एकदा मागच्या दारात बसली असताना कसलासा गोड, कडवट वास अंगावर आला. तिनं वर पाहिलं. कडू संत्र्याचं झाड फुलांनी पांढरं झालं होतं. हे झाड दर वसंतात तिच्या डोक्यावर फुलत आलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती खाली पडलेली फुलं वेचून मुठीत घेऊन बसली. आत ऑर्डरी खोळंबल्या, त्या खोळंबू दिल्या. स्टेर्गिओस शोधत आला. त्याच्या अंगाला बडीशेपेचा आणि ओल्या लोकरीचा वास होता, लग्नाआधी होता तोच. ती लाजली. या वयात लाजायला तिला काही वाटलं नाही.

"रडतेस की काय?" त्यानं विचारलं.

"फुलं आलीत," ती म्हणाली.

"दरवर्षी येतात," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी, दुसरं खोकं नव्हतं म्हणून, जमिनीवरच बसला.

जेवणाची चव मात्र शेवटी आली, गर्दी ओसरल्यावर, नेहमीच्या वेळी. दोघं मागच्या टेबलाशी जेवायला बसली होती. तोच घेवडा, तिनं नेहमीच्या हातानं केलेला. डोम्नानं घास घेतला आणि तिचं तोंड आवळलं. मीठ जिभेवरून घशात, घशातून कानापर्यंत गेलं. तिला तो घास गिळवेना. बंदरावरचा क्रेनवाला अपोस्तोलिस नेहमी म्हणायचा, "डोम्ना, तुझा चखणा खाल्ला की समुद्र प्यावासा वाटतो," आणि ती त्याला वर एक बशी जास्त द्यायची. गिऱ्हाइकं तक्रार करत नव्हती, कारण खारटावर बाटल्या उतरत होत्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. स्टेर्गिओस शांतपणे जेवत होता. घेवडा संपवून त्यानं पावाच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं, तोही तुकडा खाल्ला आणि मग तांब्याभर पाणी प्याला. हे पाणी तो रोज असंच प्यायचा. तिनं ते रोज पाहिलं होतं आणि उन्हाळ्यावर ढकललं होतं, हिवाळ्यातसुद्धा.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"छान," तो म्हणाला.

ती उठून आत गेली. एप्रन काढला, खुंटीकडे पाहिलं. बोललेला शब्द खरा करायचा तर आज करायला हवा होता. बराच वेळ ती एप्रन हातात धरून उभी होती. शरमेनं कानशिलं तापली होती. मग तिनं तो पुन्हा बांधला आणि उद्यासाठी घेवडा भिजत घातला.

दुसऱ्या दिवशी तिनं घेवडा जिभेनं केला. पळीपळीनं चाखत, टोमॅटोची आंबट चव, सेलरीचा कडवटपणा, कांद्याचं गोड, आणि अगदी शेवटी मीठ, नखावर मावेल एवढं. भांडं ओव्हनमधून निघालं तेव्हा स्वयंपाकघरभर असा वास सुटला की तिला क्षणभर आपण स्वप्नात आहोत असं वाटलं. झाकण उचललं आणि या वेळी जाग आली नाही.

स्टेर्गिओसनं घास घेतला. चावला. थांबला. दुसरा घेतला. मग काटा खाली ठेवून त्यानं तिच्याकडे काळजीनं पाहिलं.

"डोम्ना, माझ्यावर रागावलीस का?"

"का रे?"

"नाही, सहज. हे..." त्यानं ताटाकडे हात केला. "हे तुझ्या हातचं वाटत नाही."

तो ओशाळला, आणि त्याचा हात आपसूक मिठाच्या डबीकडे गेला. मग त्याला उमगलं. हात तिथंच राहिला.

"परत आली?" त्यानं हळूच विचारलं.

"काल."

"म्हणजे कालचं..."

"हो. कालचं खाल्लं मी. केव्हापासून खातोयस तू हे?"

"तुझी आई गेली त्या वर्षापासून. तेव्हापासून तू जास्त ओढायला लागलीस."

"आणि एकदाही बोलला नाहीस! मला माझ्याच लेकीशी भांडू दिलंस!"

"बोललो असतो तर एप्रन टांगला असतास. तुझा हट्ट मला माहीत नाही का?" तो टेबलावरच्या एका ओरखड्यावरून बोट फिरवत राहिला. "चुलीपाशी नसलीस तर तू कुठं असशील, हे मला सुचेना. पहिले काही महिने जड गेलं. मग जिभेला सवय लागली. आता बाहेर कुठं जेवलो तर वाटतं, यांच्याकडे मीठ संपलंय."

डोम्नाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. ती वर्षानुवर्षं या माणसासमोर बसली होती, त्याच भांड्यातलं त्याच्याबरोबर खात होती, आणि तो या टेबलाशी एकटा जेवत होता. हे कसं सहन करावं ते तिला कळेना. तिनं त्याच्या हाताखालून मिठाची डबी ओढून घेतली. दोन बोटांत चिमूट धरली, त्याच्या ताटावर भुरभुरवली आणि डबी आपल्या बाजूला, लांब ठेवून दिली.

"आज एवढं. उद्या याहून कमी."

"आणि परवा?"

"परवाचं परवा." तिनं आपलं ताट बाजूला सरकवलं आणि काटा त्याच्या ताटात घातला. "सरक जरा. मलाही बघू दे, तू काय खात होतास ते."